सरकीच्या खोलीतली केबिन

मंगळवार, १ मे १९३४. उंद्री.

ठरलं. मी विलायतेस जाणार. आता कोणाच्या बापाला भीत नाही. (माझ्या बापाला भितो, पण ती गोष्ट वेगळी.)

खामगावचे कापसाचे दलाल भगवंतराव यांनी बोटकंपनीचं छापील पुस्तक दिलं. आत केबिनीचे फोटो. एकावर एक दोन बर्थ, भिंतीत गोल खिडकी, वर विजेचा पंखा. बटण दाबलं की स्टुअर्ड नावाचा इसम पांढऱ्या कोटात हजर होतो आणि काय हवं-नको विचारतो. इथं मी ओसरीवरून चहासाठी तीनदा ओरडलो तर फक्त म्हैस मान वळवते.

लोक विचारतात, विलायतेस जाऊन करणार काय? ते बोटीवर ठरवीन. बोटीवर वेळ पुष्कळ असतो असं पुस्तकात आहे.

बुधवार, २ मे

बाबांजवळ विषय काढला. बाबा म्हणजे उकंडराव. त्यांच्या शब्दाशिवाय आमच्या वावरात तिफण हालत नाही. ते म्हणाले, हिंमत्या, जागलीले वावरात एक रात नाही काढली तू, कोल्हं ओरडलं तं घरी पयत आला, त्या डब्यात कसा राहशीन बे? मी म्हणालो, कोल्ह्याची गोष्ट लहानपणची आहे. आतून आमची कौशल्या म्हणाली, लहानपणची कुठची, मांगच्या दिवाळीची. पुरुषांच्या बोलण्यात बायकोनं पडू नये हे तिला हजारदा सांगून झालं.

शेवटी बाबांनी अट घातली. सरकीची खोली उन्हाळ्यात रिकामीच असते. तिथं पुस्तकातल्यासारखी केबिन करायची, बोटीचे सगळे कायदे पाळायचे आणि महिना सरेपर्यंत तिथंच मुक्काम. जो राहीन त्याचं तिकीट म्या काढीन, म्हणाले. बाबा शब्दाचे पक्के आहेत. म्हणजे तिकीट खिशात पडल्यासारखंच!

शनिवार, ५ मे

केबिन तयार. फर्स्ट क्लास अरेंजमेंट. भिंत फोडून गोल खिडकी केली. पुस्तकातल्या खिडकीतून समुद्र दिसतो, माझ्यातून म्हैस दिसते. ती आत डोकावते आणि हलत नाही. खालचा बर्थ म्हणजे बाज. वरचा म्हणजे ओसरीवरची बंगई (फळीचा झोपाळा), आढ्याला दोरांनी टांगलेली. वरचा मी घेतला. माणसानं वरच राहावं.

आमचा सालदार निवृत्ती याला स्टुअर्ड नेमलं. पांढरा कोट शिवून दिला. तो म्हणतो, मालक, हा कोट पाहून बैल बुजून राह्यले. बैलांना सवय होईल.

संकल्प : उद्यापासून काट्या-चमच्यानं जेवणे. कोणावर न ओरडणे. घंटीशिवाय काही न मागणे.

रविवार, ६ मे, सकाळ

बोट सुटली!

कायद्याप्रमाणे पहिला चहा अंथरुणात. तोंड न धुता चहा पितो हे कळताच आत्याबाई (मनकर्णाबाई, बाबांची थोरली बहीण) दारात येऊन उभी. म्हणाली, आपल्या घरात असं ढोरंबी नाही करत. मी शांतपणे सांगितलं, आत्याबाई, विलायतेत राजासुद्धा असाच पितो. ती म्हणाली, म्हूनच त्याले लोकाईच्या घरात घुसाची सवय लागली. अडाण्याशी वाद नको म्हणून चहा संपवला.

तोच दिवस, दुपार

जेवणाची घंटा म्हणून निवृत्तीनं नांगराचा जुना फाळ टांगून बडवला. जेवण वेळेवर आलं. भाकर काट्यानं तुटत नाही. चमच्यानंही नाही. भाकर हा पदार्थ बोटीसाठी नाही, यात माझा दोष नाही. शेवटी दार लावून हातानं जेवलो. म्हशीनं पाहिलं.

सोमवार, ७ मे

बाबा पाहणीला आले. म्हणाले, बोट हालते, हे तं हालून नाही राह्यली. ही लबाडी झाली. निवृत्तीला बंगईला झोके द्यायला लावले. आधी हळू. मग म्हणाले, आता वादळ येऊ दे.

संध्याकाळी लिहितो आहे. तब्येत नरम. बंगईशी याचा काही संबंध नाही. आमरस बाधला. कौशल्या म्हणाली, रस केला कवा? नसेल केला, पण करणार असल्याचं कानावर होतं. स्टुअर्डच्या कोटाची पार वाट लागली. बाबा माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बुधवार, ९ मे

वरचा बर्थ सोडला. जाणते प्रवासी खालचाच घेतात असं माझं आता मत झालं आहे.

पण कायदा असा की केबिनीत दोघं. एकटा असला तर कंपनी आपल्या मर्जीचा सोबती घालते. गावात टांगून घ्यायला कोणी तयार होईना. तेव्हा बाबा म्हणाले, कायदा म्हंजे कायदा, आणि स्वतःच धोतर खोचून वर चढले. पागोटं खुंटीला. निवृत्तीनं दोन झोके दिले आणि वरून घोरणं सुरू. जन्म बंगईवर काढलेला माणूस, त्याला कसली बोट लागते!

सोबती म्हणून सख्खा बाप मिळाला तर तक्रार कोणाकडे करावी, हे पुस्तकात कुठंही दिलेलं नाही. कंपनीचा निष्काळजीपणा.

शनिवार, १२ मे

केबिनीत भयंकर उकडतं. बोटीला डेक असतो. म्हणून मी आजपासून अंगणाला डेक जाहीर केलं आणि दुसरी बाज अंगणात टाकली. डेक हा बोटीचाच भाग, तेव्हा मुक्काम मोडला असं कोणीही म्हणू शकत नाही. आत्याबाई म्हणतेच आहे. म्हणू दे.

बाबा आतच. म्हणतात, भिंत जाड हाय, मले इथं गार लागते. त्यांना चार वाजताच्या चहाची चटक लागली आहे. घंटी वाजवतात, चहा येतो, आणि कपाकडे बघत बसतात. आजवर तहान लागली तरी स्वतः उठून रांजणावर जाणारा माणूस. आज निवृत्तीला म्हणाले, बापा, असंबी जगता येते काय? या वयात साध्या चहाचं एवढं अप्रूप. मला हसू आलं.

बुधवार, १६ मे. आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया.

घरात पुरण शिजल्याचा वास. बोट आज एडन बंदराला लागली.

नकाशाप्रमाणे एडन यायला उशीर आहे, पण वारा अनुकूल होता. बंदर आलं की उतारूंना उतरता येतं, हा जगाचा कायदा आहे. मी उतरलो आणि पंगतीत बसलो. कौशल्येनं विचारलं, एडनले पुरणपोयी भेटते काय? मी म्हणालो, बंदरावर सगळं मिळतं, वाढ. तिनं वाढलं, पण तोंडाला पदर लावून.

बाबा नाही उतरले. म्हणाले, एडनले माहं काय काम? आपलं पान केबिनीत मागवलं. सणासुदीला असला हट्ट बरा नव्हे.

रविवार, २० मे

सुवेझ. म्हणजे चिखली. भगवंतरावांच्या पुतण्याचं लग्न. आजच परत फिरणार.

बुधवार, २३ मे. अजून चिखली.

सुवेझचा कालवा अरुंद असतो. बोटी तिथं फार सावकाश चालतात. जेवणं उत्तम.

शुक्रवार, २५ मे

परतलो. केबिनीत पाहतो तर माझ्या बर्थवर बाबांचं उपरणं, अडकित्ता आणि ते पुस्तक. कौशल्येकडून सगळं वाचून घेतलं म्हणे. मलाच शिकवू लागले. जाताना तांबड्या समुद्रात बोटीचं तोंड उत्तरंकडं, दुपारचं ऊन डाव्या अंगाले, म्हून खोली उजव्या अंगाची घ्याव. मी हे पाहिलंच नव्हतं, पण म्हणालो, ते मला ठाऊक आहे.

माझ्यासाठी केवढी ही काळजी! बापाचं काळीज.

दुपारी भगवंतराव खामगावहून फोटोवाला घेऊन आले. बाबांचा फोटो केबिनीच्या दारातच काढला. माझ्या माघारी घरात एखादा फोटो असावा, असं त्यांच्या मनात असेल. मग पासपोर्टचे कागद. त्यावर बाबांच्या सह्या. मुलगा परदेशी जायचा तर बापाची सही लागणारच. सरकारी काम, मी मध्ये पडलो नाही.

सोमवार, २८ मे

मार्सेय बंदर. म्हणजे खामगाव. सूटाचं माप दिलं. घाईनं शिवायला सांगितलं. शिंपी म्हणाला, पोटावर जरा सैल ठेवू का? मी म्हणालो, मुळीच नाही, बोटीवर मी बारीक होणार आहे.

घरी येताच कौशल्येनं धरलं. म्हणाली, तुमी दरसाली पेरणी आली का गावाले कायले निघता? गेल्या साली नागपूर, त्याच्या आंधी काशी, आता विलायत. एक डाव तरी तिफणीमांगं उभे राहा, मामंजी थकले. मोठी स्वप्नं बायकांना कळत नाहीत. मी उत्तर दिलं नाही. उत्तर होतं.

गुरुवार, ३१ मे

मुक्काम पुरा! आज आम्ही केबिनीतून बाहेर आलो. म्हणजे बाबा आले. मी डेकवर होतोच.

तिकीट आलं. मी हात पुढं केला. बाबांनी ते बंडीच्या खिशात घातलं आणि वरून खिसा थोपटला. त्यांच्याजवळ राहिलं तर हरवणार नाही.

रविवार, ३ जून

अन्याय! घोर अन्याय!

बाबा सकाळी म्हणाले, हिंमत्या, तिकीट माह्या नावाचं हाय. मी हसलो. ते हसले नाहीत.

मी विचारलं, या वयात तुम्ही विलायतेस जाऊन काय करणार? ते म्हणाले, काई नाही करत. मिशा फुटाच्या आंधीपासून कापूस पिकवून राह्यलो. दरसाली गाड्या भरून खामगावले देतो, आन् तो बोटीत बसून जाते. माह्या हातचा कापूस जाते, म्या कावून नाही जावा? कुठं जाते, त्याचं काय करते, एक डाव डोयानं पाह्यतो आन् येतो.

मी म्हणालो, अट माझ्यासाठी होती. ते म्हणाले, जो राहीन त्याच्यासाठी होती. मी म्हणालो, पेरणी तोंडावर आहे. ते म्हणाले, हाव ना. पेरणी तुह्याकडं.

आत्याबाई म्हणाली, बरं झालं. कौशल्या आज सैपाकघरात गुणगुणत होती. मी उंबऱ्यात उभा राहून म्हणालो, तुला आनंद झालेला दिसतो. ती म्हणाली, झाला. खोटं कायले बोलू? तुमी जाणार होते तं मले घास गियत नव्हता.

गोठ्यामागं जाऊन थोडा वेळ बसलो. डोळ्यांत धूळ गेली. जूनमध्ये धूळ फार.

सोमवार, ४ जून

पूर्ण विचार केला. बाबांना मी परवानगी दिली आहे. त्यांना केबिनीचं ट्रेनिंग दिलं कोणी? मी. खिडकी फोडली कोणी? मी. तेव्हा बाबांचा प्रवास हा माझाच प्रवास आहे. कोणी हसलं तर हे तोंडावर सांगणार.

शुक्रवार, ८ जून. खामगाव स्टेशन.

बाबांना पोचवायला आलो. नवा सूट घातला. शिवून आलाच आहे, आणि निरोप द्यायला सूट घालू नये असा सरकारचा हुकूम नाही. पोटावर जरा घट्ट होतो.

बाबा मात्र धोतर, बंडी, पागोटं, अंगावर घोंगडी. मी कानात सांगितलं, बाबा, बोटीवर मॅनर्स लागतात. ते म्हणाले, माह्या कापसाले कोणी मॅनर्स इचारले नाहीत, मले काय इचारतीन?

मग भलताच घोळ झाला. कापसाच्या जिनातले लोक, दलाल, ओळखीपाळखीचे सगळे हार घेऊन आले आणि धडाधड माझ्या गळ्यात घालू लागले. पहिल्याला मी थांबवणारच होतो. पण एवढ्या प्रेमानं आलेल्या माणसाचा पाणउतारा कसा करावा? पुढच्यांनाही तोच न्याय. एकानं विचारलं, परत कधी येणार? मी म्हणालो, बघू, तिकडच्या हवामानावर आहे. भगवंतराव तोंड फिरवून खोकत होते. त्यांना दम्याचा त्रास असावा.

बाबांनी खिडकीतून सगळं पाहिलं आणि कोणाला काही सांगितलं नाही. मला जवळ बोलावून म्हणाले, पह्यल्या पाण्याले उतावीळ होऊ नको, जमीन मुठीत धरून पाह्य, मंगच तिफण घाल. नाही समजलं तं कौशल्येले इचार. मग माझ्या गालाला हात लावला. शेवटी कधी लावला होता ते आठवत नाही. मी म्हणालो, काळजी करू नका, सगळं माझ्या ध्यानात आहे. खरं तर जमीन मुठीत धरून काय पाहायचं ते विचारायचं राहूनच गेलं.

शिट्टी झाली. गाडी हलली. बाबा दिसेनासे झाले. मी हात हलवत उभा.

स्टेशन मास्तर धापा टाकत धावत आले. म्हणाले, अहो साहेब, तुमची गाडी गेली! मी छाती काढून म्हणालो, जाऊ द्या, मीच जाऊ दिली. ते माझ्या गळ्यातल्या हारांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, तिकीट दाखवा.

दाखवलं. प्लॅटफॉर्मचं होतं.