भोपळ्याचा हात

मास्तर, तुम्हांला पोहता येत नव्हते. ही गोष्ट साऱ्या रेवदंड्याला ठाऊक होती. तरीही तुम्ही मला पोहण्याचा हात शिकवण्याचे धाडस केलेत, याचा मला या वयातही संताप येतो. धोतर गुडघ्यापर्यंत उचलून धरणारे, पायाशी फेस आला की दोन पावले मागे सरणारे तुम्ही, आणि मी खाडीत वाढलेला. चौथीनंतर मी तुमची शाळा सोडली होती. तुमचा माझ्यावर काही अधिकार उरला नव्हता.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षी उतारू नेणाऱ्या लाँचवर एक खलाशी हवा होता. लाँच चालवणाऱ्या सारंगाने जाहीर केले की, महिन्याभराने धक्क्यावरून उडी घेऊन खाडीत उभ्या लाँचला जो प्रथम हात लावील, त्याला नोकरी. बापाच्या जाळ्यामागे जन्म घालवण्याची माझी इच्छा नव्हती. मी रोज पोहू लागलो आणि तुम्ही रोज वाळूत उभे राहून पाहू लागलात. हाती इंग्रजी पुस्तक. त्यातील चित्रांतल्या गोऱ्या माणसाचा भांग पाण्यातही मोडत नसे.

"अरे, हात आडवे फेकतोस," तुम्ही ओरडायचात. "पाठीवर अजून भोपळा आहे का?"

आमच्याकडे पोरांच्या पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकवीत. कूस वळली की भोपळा कलंडतो, म्हणून पोर छाती सपाट ठेवून हात बाजूने फिरवते. पुढे भोपळा सुटतो, सवय सुटत नाही, असा तुमचा शोध. "खांदा वळू दे. कोपर उंच ठेव. पाण्यावर आपटू नकोस. बोटे खांद्यासमोर आत घाल आणि पाणी पोटाखालून मांडीपर्यंत मागे लोट."

शेजारी जाळे सांधत बसलेला बाप हसला. "मास्तर, आदी तुमी गल्यापर्यंत उतरा, मंग पोराला शिकवा. भोपला मीच बांधला व्हता. बुडला न्हाय तो अजून."

"बुडला नाही, पण पुढेही जात नाही. त्याला स्वतःचा हात दिसत नाही. मला दिसतो."

केवढा हा ताठा! दुसऱ्या दिवशी साऱ्या आळीसमोर धोतर उचलून, फेसाला भिऊन मी तुमची नक्कल केली. लोक पोट धरून हसले. मागे तुम्ही उभे होतात. त्यानंतर तुम्ही काठावर आला नाहीत. मात्र पुस्तकी विद्या खोटी ठरवावी, एवढ्याच हेतूने मी वर ओढलेल्या होडीच्या फळीवर पालथा पडून तुम्ही सांगितला तसा हात फिरवून पाहिला. मग पाण्यात. खोटी ठरवण्यास वेळ लागतो. तीन आठवडे लागले.

शर्यतीत शेजारचा, माझ्याहून दांडगा गडी हात आपटत, खाडीभर तुषार उडवत निघाला. मी लाँचला हात लावला तेव्हा तो बराच मागे होता. धक्क्यावर परतलो, तेव्हा सारंगाने सर्वांदेखत विचारले, "ह्यो हात कुनी शिकवला रं तुला?"

"बापानं," मी मोठ्याने म्हणालो.

बापाने मान खाली घातली. टाळ्या वाजवणाऱ्यांत तुम्ही होतात, मास्तर. इतका स्वाभिमानशून्य माणूस मी दुसरा पाहिला नाही.

लाँचच्या नोकरीवर माझे घर उभे राहिले. हे पत्र मी कोणास दाखवणार नाही, धाडण्याचा तर प्रश्नच नाही. तुमच्याविषयीचे माझे मत बदललेले नाही. इतकेच, की सारंगाने विचारले तेव्हा प्रथम तुमचे नाव माझ्या ओठांवर आले होते, आणि ते मी गिळले.