पंचायतीचा शिक्का

सुरंगवाडी, ता. रत्नागिरी
रविवार, २८ ऑक्टोबर १९३४

चि. मथुरा हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

पहिला कागद फाडून हा दुसरा घेतला. तुला पत्र लिहायला बसलो की गेली एकवीस वर्षे हात आपोआप 'चि. सौ.' लिहितो, तसेच आजही लिहून बसलो. शाई वाळेपर्यंत त्या अक्षराकडे बघत राहिलो. गोदाने आतून विचारले, काय झाले, तर उगाच तिच्यावर खेकसलो.

इकडे भात कापून झाले. खालच्या कुणग्यातले थोडे लोळले, बाकीचे पदरात पडले. म्हैस व्याली, पारडी झाली आहे. गोदाचा गुडघा दुखतो, पण सांगितलेले ऐकेल तर ती गोदा कसली. माझा खोकला आहे तसाच आहे. शाळेतून सुटून तीन वर्षे झाली तरी खडूची धूळ छातीतून जात नाही असे वैद्य म्हणतो. त्याला काय, काहीतरी म्हणायचे असते.

हे सगळे तुला कशाला सांगत बसलो आहे? वर्गात ज्या पोराला धडा येत नसे ते असेच भलते काहीतरी म्हणून दाखवी, आणि मी छडी उचलत असे. आता उचलायला कोणी नाही, म्हणून मीच मुद्द्यावर येतो.

तुझा अर्ज पोचला.

गेल्या सोमवारी पंचायतीची सभा होती. टपाल सभेतच फोडतो आपण, ते मोठ्याने वाचायचे काम सरपंचाचे, म्हणजे माझे. पाकीट उघडले आणि अक्षर ओळखले. पाटीवर तुझा हात धरून मीच गिरवून घेतलेले अक्षर ते, अजून 'थ' तसाच पोट फुगवून काढतेस. 'माझे यजमान विठू तांडेल यांचा मचवा भाद्रपदातल्या वादळात खाडीच्या तोंडाशी नांगराचा दोर तुटल्याने खडकावर गेला. चौघे पोहून आले, ते आले नाहीत. तो दोर सुरंगवाडीच्या काथ्याशाळेतला होता. राही हिने कच्च्या काथ्याचा दोर दिला. तिला शिक्षा व्हावी आणि शाळा बंद व्हावी.' एवढेच लिहिले होतेस. मी ते स्पष्ट आवाजात वाचले. खाली सही वाचली, तुझे नाव वाचले, आणि कागद घडी करून गप्प बसलो.

पंच म्हणाले, शाळेतला काथ्या पारखते त्या राही म्हातारीला विचारायला हवे. विचारायला माणूस गेला. राहीमावशीने एवढेच सांगितले, "व्हय, दोर आमचाच." निकाल पाच तारखेच्या सभेवर ठेवला आहे. शाळा बंद करावी असे पाचांपैकी तिघांचे मत दिसते. बावीस बाया तिथे काम करतात, त्या आठवडाभर दाराशी येऊन बसतात आणि परत जातात. त्यांच्याकडचा दोर कोणी घेत नाही. राहीमावशी पाण्याला गेली की विहिरीवरच्या बायका घागरी उचलून बाजूला होतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

मथू, काथ्याशाळा का काढली हे तुला ठाऊक आहे. आपली आई जन्मभर सोडणे बडवून मेली. खाडीच्या चिखलात नारळाची सोडणे पुरायची, वर्ष वर्ष कुजवायची, मग मोगरीने बडवून काथ्या काढायचा, मांडीवर वळून सुंभ करायचे, आणि व्यापारी येऊन मीठमिरची आणि लुगड्याच्या तुकड्यावर ते सगळे उचलून न्यायचा. सरपंच झालो तेव्हा मनाशी घेतले होते, पंचायत हातात आहे तर आधी हे मोडायचे. खाडीकाठची जागा पंचायतीने बायांना मोकळी करून दिली. वर छप्पर घातले. दोर थेट मचवेवाल्यांना विकायचा ठराव केला, आणि परक्या बंदरातल्या माणसाचाही भरवसा बसावा म्हणून दर दोराच्या टोकाला शिशाची टिकली दाबून तिच्यावर पंचायतीचा शिक्का उठवायचे ठरले. ज्या दिवशी बायांनी पहिल्यांदा स्वतःच्या मालाचा भाव स्वतःच्या तोंडाने सांगितला, त्या दिवशी मी घरी येऊन आईच्या मोगरीला हळदकुंकू लावले होते. गोदा हसली मला.

इथवर सगळे चांगलेच होते. पुढचे मी तुला दहाव्याला सांगणार होतो. तेवढ्यासाठीच जयगडला आलो होतो. तू ओसरीवर बसून राहीमावशीला तळतळाट देत होतीस आणि मी खाली मान घालून ऐकत होतो. मग तू डोळे पुसून उठलीस, दादा उपाशी आहे म्हणालीस आणि मला पान वाढलेस. मी जेवलो, मथू. भात दोनदा मागून घेतला. वादळात तुटलेल्या दोराबद्दल एक अक्षर न बोलता हात धुतले आणि परत आलो.

आता ऐक.

चैत्रात जिल्ह्याहून साहेब शाळा बघायला यायचा होता. त्याचा शेरा चांगला पडला तर आणखी सात गावांना अशी शाळा मिळायची होती. त्याला चिखलातल्या सोडणापासून तयार दोरापर्यंत सगळे एका दिवसात दाखवायचे असे मी ठरवले. सोडणे पुरली होती आश्विनात. सहाच महिने झाले होते. राहीमावशीची रीत तुला माहीत आहे, सोडणातला एक तंतू ओढायचा, मांडीवर घासायचा आणि दाताखाली धरायचा. तुरट लागला की सोडण परत चिखलात. तिने दाताखाली धरला आणि माझ्यासमोर थुंकली. म्हणाली, "मास्तर, काथ्या पिकला नाय अजून. एक पावसाळा खाऊ दे त्याला."

मी म्हटले, "मावशी, साहेब काय पावसाळ्यात येणार आहे? काढा बाहेर."

ती दोनदा नको म्हणाली. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला. सत्तर वर्षांची बाई, मी लहान असताना मला कडेवर घेतलेली, तिच्यावर मी शाळेतल्या पोरावर ओरडावे तसा ओरडलो. बायांनी खड्डे उघडले.

साहेबाने पाहिले, दोर हातात घेऊन वाकवला, आणि शेऱ्याच्या वहीत 'उत्तम माल' असे लिहून गेला. तो गेल्यावर राहीमावशीने ते सगळे दोर वेगळे काढून कोपऱ्यात टाकले. म्हणाली, हे गुरे बांधायला आणि बाजा विणायला, दर्यावर जायचे नाहीत. मला राग आला. साहेबाने उत्तम म्हटलेला माल पंचायत गुरांच्या गळ्यात बांधणार? लोक काय म्हणतील? शिक्क्याचा चिमटा माझ्याच ताब्यात असतो, दुसऱ्या कोणाकडे नसतो. श्रावण लागायच्या आधी एका दुपारी मी एकटा तिथे गेलो आणि कोपऱ्यातल्या एकेका दोराच्या टोकाला टिकली दाबली. तेव्हा मला समाधान वाटत होते. हे लिहायला लाज वाटते, पण वाटत होते.

नारळी पौर्णिमेला दोन दिवस असताना विठू दोर घ्यायला आला. तुला तो सांगून निघाला असेल, मेहुण्याकडे जातो. मजेत होता. ओटीवर बसून चहा प्याला, आणि मी पोहायला शिकताना खाडीत कशा गटांगळ्या खाल्ल्या ते गोदाला शंभराव्यांदा सांगितले. मला पाण्यातून ओढून काढणारा तोच होता, हे मात्र सांगत नसे कधी, ते मीच सांगायचो. मग आम्ही शाळेत गेलो. राहीमावशी त्या दिवशी तापाने घरी पडून होती. त्याने दोर खांद्यावर घेतला आणि बाहेरच्या माडाकडे निघाला. तुम्हा मचवेवाल्यांची रीत, नवा दोर माडाला बांधून सहा माणसांनी ओढल्याशिवाय मचव्यात घ्यायचा नाही.

मी त्याला अडवले. हसत अडवले. म्हणालो, "पंचायतीचा शिक्का आहे, मेहुणा सरपंच आहे, आणि तू अजून माडाला विचारणार?"

तो थांबला. टिकलीवर अंगठा फिरवला. म्हणाला, "बरं बाबा, तुझा शिक्का." आणि तसाच दोर घेऊन गेला.

काल इथवर लिहून उठलो होतो. आज सोमवार आहे. काल गोदाला हे सगळे वाचून दाखवले. ती म्हणाली, "एवढे दिवस माझ्या हातचे जेवलात कसे?" उठून आत गेली. सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही.

संध्याकाळी राहीमावशीकडे गेलो होतो. दारात बसली होती, काही न करता. तिचे हात मोकळे मी कधी पाहिले नव्हते. विचारले, "मावशी, सभेच्या माणसाला खरे का सांगितले नाहीस?" ती म्हणाली, "मास्तर, तुमी आमच्यासाठी छप्पर आणलंत. तुमचं नाव मी कसं घेऊ? आन् मथीचा नवरा गेला, तिला भाऊ तरी ऱ्हाऊ दे." मथू, तू तिला शाप देत होतीस आणि ती तुझ्यासाठी गप्प बसली होती. मी तिच्या पायांवर डोके ठेवले. तिने पाय मागे घेतले. मास्तराने पाया पडायचे नसते म्हणाली.

पाच तारखेला मी सभेत हे सगळे सांगणार आहे. चिमटा पंचायतीच्या पेटीत ठेवून सरपंचपद सोडणार आहे. जाण्याआधी एकच ठराव मांडणार, की राहीमावशीने दाताखाली धरल्याखेरीज खड्डा उघडायचा नाही, आणि माडावर सहा माणसांनी ओढल्याखेरीज टिकली दाबायची नाही. हा ठराव पहिल्याच दिवशी करायला हवा होता. छप्पर कसे असावे यावर मी चार सभा घेतल्या होत्या.

पण माझ्या एकट्याच्या बोलण्याने भागणार नाही. एका पंचाच्या कानावर घातले, तर तो म्हणाला, मास्तर, तुम्ही बायांना वाचवायला स्वतःवर ओढून घेता आहात, प्रत्यक्ष तुमच्या बहिणीच्या अर्जात राहीचे नाव आहे. तिघांना शाळा बंदच हवी आहे, आणि तुझा कागद त्यांच्या हातात आहे. त्या बावीस जणी पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात मीठ मागायला उभ्या राहतील. आपली आई उभी राहायची तशा.

म्हणून हे मागणे. मला क्षमा कर असे लिहिणार नाही, ते शब्द तीनदा लिहून खोडले. भाऊबीजेला मी येणार नाही, तू ओवाळणीचे ताट काढायच्या फंदात पडू नकोस. तुझा अर्जही मागे घेऊ नकोस. तुझा माणूस गेला आहे, अर्ज राहिलाच पाहिजे. फक्त दुसरा कागद घे, तोच अर्ज पुन्हा लिही, राहीमावशीच्या नावाच्या जागी दुसरे नाव घाल, आणि पाच तारखेच्या आत पोचेल असा टाक. ते नाव तुला लिहिता येते. पाटीवर तू आधी स्वतःचे नाव शिकलीस आणि त्यानंतर हट्ट करून माझे. कोळशाने ते तू पडवीभर लिहून ठेवले होतेस, आईने मारले होते तुला.

तुझ्या मचव्यावर उरलेला दोराचा तुकडा पोहून आलेल्या चौघांतल्या धाकूने तेराव्याला माझ्याकडे आणून दिला होता. तुला दाखवू नये म्हणून. टोकाला टिकली तशीच आहे. पत्राबरोबर पाठवत आहे, तो तुझा आहे.

खाली 'तुझा दादा' असे लिहीत नाही. अर्जात जसे लिहायचे तसेच पुरे नाव लिहितो, बघून उतरून घे.

सखाराम बाबाजी शिवलकर,
सरपंच, सुरंगवाडी