घाटात मागे राहिलेले दहा डबे

१२ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार. मी बरा आहे. थंडी फार आहे. आपल्या लायनीवर आता दिवसाला एकच मालगाडी उरलीय, खडीची. बोगदा संपला की दरीतलं तळं एकदम समोर येतं. पूर्वी गार्डाच्या डब्याच्या दारात उभा राहून बघायचो. आता तळ्याकडे पाठ फिरवून बसतो.

भावोजी घर सोडून गेल्यापासून माझी दोन पत्रं तू न उघडता परत पाठवलीस. हे तरी फोड. भावोजी सापडलेत.

चार दिवस ते खालच्या फाटकाशी आहेत. त्या गेलेल्या फाटकवाल्याच्या बायकोला पाणी भरून देतात, लाकडं फोडतात. काल दुपारी मी तिथे गेलो.

ताई, गेल्या वर्षी चढावर इंजिन दमलं, तेव्हा गाडी तोडून अर्धे डबे आधी वर न्यायचं ठरलं. मागे राहणाऱ्या दहा डब्यांचे हातब्रेक कसायचं काम माझं. बोटं गारठली होती. मी चार कसले आणि भावोजींना सांगितलं, सगळे कसलेत. माझ्या शब्दावर ते इंजिन घेऊन गेले. डबे उतारावर सुटले ते थेट फाटकावर, आणि फाटकवाला त्यांच्याखाली गेला.

चौकशीत मी म्हणालो, ड्रायव्हरने माझ्या इशाऱ्याआधीच गाडी तोडली. त्यांची नोकरी गेली. तू त्यांना खुनी म्हणालीस, तेव्हा मी शेजारी बसून मान हलवली.

काल हे सगळं त्यांच्यापुढे ओकलो. त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली.

"मला त्याच दिवशी कळलं होतं. सहा ब्रेकची चाकं मोकळी होती. मी हाताने फिरवून पाहिली."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. वर्ष गेलं रे."

फाटकवाल्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती. माझ्यापुढे ठेवलेला पाण्याचा तांब्या उचलून आत घेऊन गेली.

आज सकाळी साहेबांना लेखी दिलं. बंद झालेली फाइल कशाला उकरतोस म्हणाले, आणि कागद परत सरकवला. उद्या तोच कागद घेऊन पोलिसांत जातोय. त्याने फाटकवाला उठून येणार नाही. भावोजींना इंजिनही पुन्हा मिळणार नाही. मला ठाऊक आहे.

घरी चला, असं भावोजींना परोपरीने सांगितलं. म्हणाले, खरं कळल्यावर ती माझ्याकडे बघणार कशी? तुला लाज वाटू नये म्हणून ते येत नाहीत, ताई. तूच जा. मी आड येणार नाही.

खाली काय लिहावं सुचत नाही. तुझ्या पाठीवर जन्मलो, एवढंच लिहितो.