निंबाच्या शेअरांवर चढलेला मजला

मी, काशिनाथ उखा बोरसे, वय अठ्ठावन्न, लूमच्या खात्यात माग दुरुस्त करणारा जॉबर, मूळचा पारोळा तालुक्यातला, राहणार डिंडोली, सुरत, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, नशापाणी नाही, कोणाची बळजबरी नाही. पुढच्या आठवड्यात हृदयाचं ऑपरेशन आहे, म्हणून घाई.

१. घराचा तळमजला पत्नी रंजना हिला. तो आम्ही दोघांनी पोटाला चिमटा घेऊन बांधला. वकीलसाहेब म्हणतात, अख्ख्या घराला 'स्वकष्टार्जित' लिहा. तळमजल्याला लिहितो. वरच्याला तो शब्द माझ्याने लिहवत नाही.

२. पान्या-पकडींची पेटी मुलगा धर्मेंद्र याला. साडू सुकदेव याला रेडिओ देऊ नये. माझी शिडी नेली ती अजून आणलेली नाही, आणि वर मलाच चिंगूस म्हणतो.

३. वरचा मजला निंबा दगा सोनवणे याला, कायमचा. आज तो तिथे माझा भाडेकरू आहे. घेतलेलं सगळं भाडं माझ्या बँकेतल्या ठेवीतून त्याला परत करावं.

कारण लिहिणं भाग आहे. निंबा आणि मी एकाच खात्यातले. ९३ साली तेल-वायूच्या एका नव्या कंपनीच्या शेअरचे फॉर्म निघाले. मीच त्याच्या मागे लागलो, "हजिऱ्याला गॅस जळतो तो दिसत नाही का? भर भो!" दोघांनी भरले. त्याला शेअर लागले, मला पैसे परत आले. कित्येक दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

पुढच्या वर्षी प्लेग आला. जो तो स्टेशनकडे पळत होता. निंबाला मालतीवहिनी आणि पोरांना घेऊन गावी जायचं होतं, हातात दमडी नव्हती. शेअरचे कागद सही करून त्याने माझ्या हातात दिले. म्हणाला, "देशील ते दे, भो." मी त्याने भरले होते तेवढेच पैसे दिले. त्याच सकाळी दलाल भाईदास मला म्हणाला होता, "कूवामां गॅस नीकळ्यो छे, वेचता नहीं." कंपनीच्या विहिरीला गॅस लागला होता, भाव चढणार होता, ज्याच्याकडे शेअर असतील त्याने विकू नयेत. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. अरे, उसने देता आले असते! तेही सुचलं होतं. प्लेग सरल्यावर निंबा परत आला आणि माझ्या पाया पडला, देवासारखा धावलास म्हणाला. मी पडू दिलं.

भाव कितीतरी पट झाला. बरेचसे विकून हा मजला चढवला, आणि त्यातच निंबाला भाड्याने ठेवलं. माझी मलाच किळस येते.

४. उरलेले शेअर धर्मेंद्रला. पोरा, जमिनीखाली काय आहे ते कुणीच पाहिलेलं नसतं. गॅस लागला म्हणून उड्या मारू नकोस. विहिरीचा दाब उतरला की भावही उतरतो, तो आता उतरलाय. बुडाले तरी चूल पेटेल एवढेच पैसे घाल. आणि कोणाकडून घेतोयस ते आधी बघ.

५. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, म्हणून मी निंबालाच बोलावलं होतं. मी मेल्यावर त्याला कळावं, असा माझा भित्रा बेत. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला मिळकत द्यायची तो साक्षीदार नको. निंबा हसला, "माले कसानी मिळकत, भो?" मग कलम तीन त्याला वाचून दाखवावं लागलं.

तो एवढंच म्हणाला, "तवय काबर नही सांगं?" तवय म्हणजे तेव्हा, प्लेगच्या त्या दिवसांत. त्याने खिशातून नोटा काढून टेबलावर ठेवल्या.

"ल्या शेठ, या महिनानं भाडं."

इतक्या वर्षांत त्याने मला शेठ म्हटलं नव्हतं.

त्या नोटांना मी हात लावलेला नाही. त्याने नाकारला तरी मजला त्याचाच. मी गेलो तर धर्मेंद्रने त्याला खांदा द्यायला बोलवावं. नाही आला तर कोणी त्याला बोल लावू नये.

पहिल्या साक्षीदाराच्या जागी निंबाचं नाव होतं, ते खोडलं आहे. खाडाखोड माझ्याच हातची.

सही: काशिनाथ उखा बोरसे
साक्षीदार: १. ~~निंबा दगा सोनवणे~~ आनंदा भिला महाजन
२. सखाराम झिपरू चौधरी
सुरत, १२ मार्च १९९८