लाजाळू मासे आणि बाबांची दाढ

२ फेब्रुवारी, सोमवार
डॉक्टरांनी परवानगी दिली! दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये फिशटँक येणार आणि त्याची संपूर्ण जबाबदारी माझी. मी नुसती रिसेप्शनिस्ट नाही, प्राणिशास्त्राची पदवीधर आहे, हे अखेर त्यांच्या लक्षात आलं. (मी चार वेळा आणून दिलं.)

संकल्प: हा टँक शोभेसाठी नसेल, माशांच्या सोयीसाठी असेल. मासे निर्धास्त राहतील. दातांच्या डॉक्टरांना घाबरलेले पेशंट त्यांच्याकडे बघून निर्धास्त होतील.

घरी सांगितलं. बाबांची दाढ तीन वर्षं दुखतेय. दवाखान्याचं नाव काढलं की त्यांना कारखान्यात लेथवर अर्जंट काम निघतं. आज मात्र म्हणाले, तुझे मासे बघायला येईन एकदा. मी लगेच एकवीस तारखेची अपॉइंटमेंट लिहून टाकली. मासे बघता बघता दाढ निघून जाईल. आई म्हणाली, हा माणूस मासे बघेल आणि दारातूनच परत येईल.

९ फेब्रुवारी, सोमवार
आठवडाभर टँकमध्ये नुसतं पाणी खेळवतेय. फिल्टर चालू, हीटर सव्वीस अंशांवर. मासे आणण्याआधी पाणी तयार व्हावं लागतं, हे कुणालाच पटत नाही. पेशंट रिकाम्या पाण्याकडे बघत बसतात. एका आजोबांनी विचारलं, यात कवळ्या भिजवता का.

१० फेब्रुवारी, मंगळवार
मासे आणले. सहा टेट्रा. दुकानदार म्हणत होता, गप्पी घ्या ताई, काचेपुढे दिवसभर नाचतात. मी म्हटलं, मला उथळ मासे नकोत. स्वभावाने लाजाळू, जरा खोल असे द्या. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हे दिले.

टँकमध्ये सोडले. तीन सेकंदांत सहाही तळाशी ठेवलेल्या लाकडामागे.

११ फेब्रुवारी, बुधवार
दिसले नाहीत. अपेक्षितच आहे. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मीही जिन्याखाली बसून डबा खाल्ला होता.

दर अर्ध्या तासाने टॉर्च घेऊन निरीक्षण करायचं ठरवलंय. साडेनऊ: नाहीत. दहा: नाहीत. साडेदहा: एक शेपटी! अकरा: शेपटी नव्हती, पान होतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
मागची आणि बाजूची काच काळ्या कागदाने झाकली. वाळलेली पानं टाकली. मातीची दोन छोटी भांडी आडवी ठेवली. तरंगत्या वनस्पती सोडल्या. आता लपायला भरपूर जागा आहे. मासे तिचा पुरेपूर उपयोग करताहेत. याला यश म्हणायचं.

भिंतीवर पाटी लावली: ‘हळू बोला. मासे लाजाळू आहेत.’ पेशंट कुजबुजू लागले. आता वेटिंग रूममध्ये आतल्या ड्रिलचा आवाज फार स्पष्ट येतो. दोन जण उठून गेले.

डॉक्टरांना विचारलं, ड्रिल जरा हळू चालवता येईल का. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, दाताला विचारून सांगतो.

१४ फेब्रुवारी, शनिवार
मी आतून फाइल घेऊन बाहेर आले तर एक बाई सांगत होत्या, आत्ता चार मासे इथे फिरत होते, किती गोड आहेत हो. मी टॉर्च मारून पाहिलं. एकही नाही. बाईंना भुलीचं इंजेक्शन दिलेलं होतं. नोंद ग्राह्य धरली नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार
सफाईच्या मावशींचंही तेच. म्हणे, मी सकाळी काच पुसते तेव्हा माझ्या फडक्यामागे सहाही फिरतात. मी विचारलं, मग मी आल्यावर का नाही फिरत? मावशी म्हणाल्या, अगं तू दिवा घेऊन डोळ्यात डोळे घालतेस, माझा नवराही पळाला असता.

मावशींचा अनुभव मोठा आहे, पण त्याला शास्त्रीय बैठक नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
एक युक्ती सुचली आणि स्वतःचाच अभिमान वाटला. डॉक्टरांचा तोंडात घालायचा छोटा गोल आरसा (जुना, बाद झालेला) फुटपट्टीला दोऱ्याने बांधला आणि पाण्यात सोडून लाकडामागे फिरवला. एका हातात टॉर्च. अगदी मागच्या दाढा तपासाव्यात तसं. मासे दिसले! म्हणजे लाकडामागून फिल्टरमागे जाताना दिसले. रंग कळला नाही, वेग उत्तम.

डॉक्टर दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, अगं, त्यांना आ करायलाही सांग.

१८ फेब्रुवारी, बुधवार
आरशाचा प्रयोग सकाळी दोनदा, दुपारी तीनदा. मासे आता खातही नाहीत. दाणे तळाशी तसेच. नवीन जागेचा परिणाम अजून ओसरला नाही बहुतेक. नऊ दिवस झाले.

आज पहिल्यांदाच काळजी वाटली. शोभेची नाही. त्यांची.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
बाबांचा गाल सुजलाय. रात्रीच्या जेवणात फक्त पेज. आई रडवेली होऊन म्हणाली, उद्याच घेऊन जा ह्यांना. बाबा म्हणाले, शनिवारचं ठरलंय ना, मासे बघायला. मग हळूच मला विचारलं, दिसतात ना गं मासे? लेथवर सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझ्या पोरीने शिक्षणाच्या जोरावर दवाखान्यात मासे वसवले म्हणून.

मी म्हटलं, दिसतात की.

आमच्या घरात पदवी पहिल्यांदा आली ती माझी. तिचा उपयोग काय, असं बाबांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

धाकटी अंथरुणात पडल्या पडल्या म्हणाली, ताई, नसतील दिसत तर दोन प्लास्टिकचे सोड. तिच्याशी बोलत नाहीये.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
उद्याची योजना: आठ वाजता हजर राहायचं. दहापर्यंत टॉर्चने वातावरणनिर्मिती. बाबा अकराला येतील. तेव्हा मी आरसा डावीकडून घालायचा, म्हणजे मासे उजवीकडे बाबांसमोर येतील. अपयशाची शक्यता नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी ९.१०
योजना डॉक्टरांना समजावून सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाले, आतल्या खोलीत जुन्या एक्स-रेंचा ढीग पडलाय, तो लावायला बस आणि दार लावून घे. मी म्हटलं, पण मासे? ते म्हणाले, त्यांना एक दिवस सुट्टी दे. मावशींनी माझ्या हातातून टॉर्च काढून घेतला. आरसासुद्धा.

सकाळी ११.३०
एक्स-रे लावतेय. बाहेर बाबांचा आवाज आला. मग काहीच नाही. गेले असतील परत. दार उघडायला हात गेला होता. नाही उघडलं. का, ते माहीत नाही. म्हणजे माहीत आहे.

संध्याकाळी ६
दाढ निघाली.

बाबा तोंडात कापूस धरून खुर्चीत बसलेत. बोलायची मनाई आहे, तरी हातवारे चालू. आईला दाखवताहेत: सहा बोटं, मग दोन्ही तळवे जोडून सळसळ, मग स्वतःच्या नाकाकडे बोट. इतके जवळ. नंबर आला तेव्हा उठायला तयार नव्हते म्हणे. डॉक्टरांना सांगितलं, थांबा जरा, सहावा अजून भांड्यातून बाहेर यायचाय. मावशींनीच फोन करून आईला कळवलं.

सोमवारपासून माझं टेबल भिंतीच्या पलीकडे, औषधांच्या कपाटाजवळ. डॉक्टर अगदी मऊपणे म्हणाले. मी हो म्हटलं. दाणे मावशी टाकतील. आज टाकले ते पाच मिनिटांत संपले.

मी निरीक्षणाची वही बाबांसमोर धरली आणि विचारलं, नक्की कसे दिसतात ते? बाबांना वाटलं मी परीक्षा घेतेय. लेथवर पार्टचं ड्रॉइंग काढतात तसं पेन्सिलीने नीट सहा मासे काढून दिले, एकाच्या पोटाशी रेघ ओढून बाजूला ‘लाल’ असं लिहिलं.

वहीतली ही पहिली खरी नोंद. मी खाली तारीख घातली.