साहेबांची गाडी आणि पाऊणकी

वाडी, बोर्ली पंचतन
३ फेब्रुवारी २०२५

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्याकडे मोबाइल नाही हे बरंच आहे. माझ्यात आता जागाच नाही. मुलांचे फोटो, फळ्याचे फोटो आणि फोटो पाठवल्याचे फोटो.

प्रशिक्षण एकदाचं झालं. संवादातून शिकवणं कसं असतं ते आम्हा शिक्षकांना तीन दिवस समजावलं, आणि तीन दिवसांत एकालाही बोलू दिलं नाही. तरी तिथे मिळालेला टॅब मला आवडला. पडद्यावर प्रश्न येतो, मुलं बटण दाबतात, बरोबर आलं की हिरवी चांदणी उमटते आणि यंत्र टाळ्या वाजवतं. चौतीस वर्षांत माझ्या वर्गात कुणी टाळी वाजवली नव्हती. रेंज फक्त किनाऱ्यावर सुरूच्या बनात मिळते, म्हणून वर्गही तिथेच भरतो.

आता काळजीचं. चौदा तारखेला शिक्षणखात्याचे साहेब बघायला येणार. मुलांना साठ टक्के पडले तर शाळा राहील, नाहीतर आमची अकरा मुलं बोर्लीच्या शाळेत, रोज डोंगर ओलांडून. सरावात चाळीस पडले. प्रश्न वरून आलेत, विषय ‘आपला समुद्र’. मासे कुठे मिळतात? मुलं म्हणाली समुद्रात, यंत्र म्हणतं बाजारात. काल भरती दुपारी पाऊण वाजता आली, तर आज किती वाजता? अकराच्या अकरा जणांनी दीड दाबलं. यंत्र म्हणतं पाऊण. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तू मला शिकवलंस आणि मी त्यांना, म्हणून सगळी एकदम नापास.

उत्तर बदलता येत नाही. वर विचारलं तर म्हणाले, तयारी करून घ्या. करून घेऊ का? लवकर कळव. वहिनींना नमस्कार. तुझा लोभ आहेच, सल्लाही असू दे.

तुझी,
श्यामला

नागाव
माघ शुद्ध नवमी

चि. श्यामलास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. आमच्या बागेतल्या नारळांना यंदा माकडांनी धरलंय, आणि तुम्हाला टॅबने. माकडं निदान टक्केवारी मागत नाहीत.

गणिताचा मास्तर म्हणून उत्तर एकच. कोळ्याच्या पोराला भरतीची खोटी वेळ शिकवायची नाही. ती वेळ चुकली तर होडी परत येत नाही. शिकवणार असशील तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस. वहिनीने कोकमं बाजूला काढून ठेवली आहेत, ती मात्र मिळतील. तुझ्यावरचा लोभ मी कमी करू शकत नाही, ही माझी अडचण.

तुझा,
दादा

वाडी
१५ फेब्रुवारी २०२५

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

लिहू नकोस म्हणालास, तरी लिहिते. मी शिकवलं. माझ्या वर्गातल्या साक्षीचा धाकटा भाऊ सहा वर्षांचा आहे, तो डोंगर चढताना डोळ्यांपुढे येत होता. मुलांना सांगितलं, साहेबांसमोर पाऊण दाबायचं. त्यांनी का म्हणून विचारलंही नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

काल शंभर टक्के पडले. चांदण्या, टाळ्या, साहेब खूश. फोटोत समुद्र यावा म्हणून त्यांनी गाडी ओल्या वाळूवर उभी करवली होती. गावातल्या कमळवहिनींनी सुरमई आणि तांदळाच्या भाकऱ्या आणल्या. साहेब जेवायला बसले तेव्हा पाऊण वाजला होता आणि पाणी चाकांपासून चार हातांवर होतं. ड्रायव्हर गाडी हलवू का विचारत होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, भरती पूर्ण झाली, आता ओसरेल, अकरा मुलांनी आत्ताच सांगितलंय.

मी गप्प बसले. मी काय बोलणार होते? साक्षी उठली आणि म्हणाली, “सायेब, आज बीज हाय. दोन पाऊण दीड. गाडी काढा.”

साहेबांनी हसून विचारलं, की मघाशी तूच ना पाऊण दाबलंस? ती म्हणाली, “ते बटन बाईंनी सांगितलेलं. पाणी बाईंचं ऐकत न्हाय.”

साहेब जेवत राहिले. सव्वाला चाकं रुतली, दीडला पाणी सीटवर. कोळीवाड्यातल्या मोरूने आणि त्याच्या बोटीवरच्या माणसांनी दोर लावून गाडी ओढली. साहेब ओल्या बुटांनी गेले. शाळा राहिली, शंभर टक्क्यांचा शेरा मिळाला. वरून सूचनाही आली, की शाळाभेटीच्या वेळी वाहने वाळूवर उभी करू नयेत. प्रश्न आहे तसाच आहे.

आज मी मुलांची माफी मागितली. मला फार लाज वाटली, दादा. मग टॅबवर स्वतःचे प्रश्न तयार करायला बसले. तसं करता येतं हे प्रशिक्षणात कुणी सांगितलंच नव्हतं. मुलं प्रश्न सांगतात, मी टाइप करते, उत्तर साक्षी तपासते. रागावलास तरी लोभ तोडू नकोस.

तुझी,
श्यामला

नागाव
माघ वद्य सप्तमी

चि. श्यामलास,
अ. उ. आ.

रागावलोच आहे. पत्र वहिनीला तीनदा वाचून दाखवलं, गाडी रुतली तो भाग चारदा.

माझी पाऊणकीची, म्हणजे पाऊणपटीच्या पाढ्याची, जुनी वही सोबत पाठवतो. ती तुला नाही, साक्षीला द्यायची. तिला सांग, चौतीस वर्षं शिकवणाऱ्या बाई गप्प बसल्या तिथे ती बोलली, म्हणून नागावच्या मास्तरांनी दिली. तू पोरांना चुकीचं बटण दाबायला लावलंस, पण बरोबर उत्तर त्यांच्या डोक्यातून काढणं तुला जमलं नाही. तेवढ्यावर तुला पास करतो, काठावर.

कोकमं पाठवली आहेत. तुमचे प्रश्न कागदावर उतरवून धाड, मी सोडवून बघतो. मात्र माझी उत्तरं साक्षीने तपासायची. लोभ तसाच आहे, तिथी बघून बदलणारा नाही.

तुझा,
दादा