माईच्या फोनचा वाटा

काशीद, गुरुवार, दिवेलागण

लहानपणी माझी बहीण माई आणि मी एकच शहाळं दोघींत प्यायचो. माझे घोट भराभर, तिचे सावकाश. तिची पाळी आली की मी ताटकळत उभी. आज तेच आठवत राहिलं.

नीलाचे दिवस भरत आलेत. लेक कॅनडात एकटी, आणि रोज फोनवर तिचा चेहरा अडकतो, आवाज तुटतो. मी आपली आमच्या लॉजवरच्या पाहुण्यांना दोष देत होते. शेवटी आज वायफायवाल्या जितूला बोलावलं.

“पाव्हणं न्हाय, मावशी, तुमच्याच घरातला एक जुना फोन नेट खातोय. सावकाश बोलतो, पाळी आली की सोडतच न्हाय, बाकी सगळे खोळंबतात. मघापासून नुसतं अपलोड, वर पाठवतोय. ‘माई’ नाव दिसतंय. कोण ही गप्पिष्ट? तोडू का?”

“उद्या सांगते,” एवढंच म्हणाले.

माई आषाढात गेली. तिचा फोन मीच बंद करून कपाटात, तिच्या पातळाच्या घडीत ठेवला होता. जितू गेल्यावर काढला. पडदा काळा. बटण दाबलं, काही नाही. पण फोन गरम होता. चुकून चालू राहिला असेल? मग बॅटरी इतके दिवस कशी पुरली? पुन्हा हात लावला. गरमच, नुकताच कुणी कानाला धरला असावा तसा. काय पाठवतेय? कुणाला?

उद्या जितूला सांगायचं. सगळ्यात आधी नेट नीलाच्या फोनला, तिचा शब्द तुटता कामा नये. पाहुण्यांच्या खोल्यांचं निम्मं कर. कुरकुरले तर मी बघेन. माईला थोडंच दे, पण तोडू नकोस. तिचं पाठवून होऊ दे.